सम्यक तायडेच्या आयडीवर

१

तृतीय वर्षाचा संख्याशास्त्राचा पेपर फुटल्याचं कॉलेजला कळलं ते एका मुलीच्या रडण्यामुळे. परीक्षेच्या वर्गाबाहेर उभी राहून ती हुंदके देत होती. पर्यवेक्षकांना आधी वाटलं, हॉल तिकीट घरी राहिलं असेल. तसं नव्हतं. पेपर सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर फिरत होता आणि तो तिला कुणीच पाठवला नव्हता, म्हणून ती रडत होती.

अंधेरी पूर्वेचं हे कॉलेज स्वायत्त. म्हणजे पेपर काढणार तेच, तपासणार तेच, आणि फुटला तर झाकणारही तेच. पण या वेळी झाकायला वावच नव्हता, कारण निम्म्या पालकांकडेही तो फोटो पोहोचला होता. कुणीतरी दोषी सापडणं गरजेचं होतं, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळीच सापडला.

प्रश्नपत्रिका परीक्षा विभागाच्या सर्व्हरवर असते आणि ती कॉलेजच्या वाय-फायवरूनच उघडता येते. त्यासाठी विभागाचा एक सामाईक पासवर्ड आहे. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असल्यामुळे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वाय-फायचं मात्र तसं नाही. तिथे ज्याचा त्याला वेगळा आयडी, वेगळा पासवर्ड, आणि कोण कोणत्या आयडीवरून आत आलं याची नोंद. सोमवारी सकाळी ज्या फोनवरून पेपर उघडला गेला तो फोन सम्यक तायडेच्या आयडीवर होता.

सम्यक तृतीय वर्षाचाच. बाप मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनवर कामाला. पोरगा कमवा आणि शिका योजनेत दुपारी परीक्षा विभागातच काम करायचा, त्यामुळे कपाटही त्याच्या हाताखालचंच. इतकी सरळ केस प्राचार्य नाडकर्णींनी आयुष्यात पाहिली नव्हती. मंगळवारी त्यांनी तिघांची चौकशी समिती नेमली. ते स्वतः, संख्याशास्त्राचे अनिरुद्ध सबनीस, आणि तर्कशास्त्राच्या द्रौपदी हिवराळे.

"तुम्ही असलात म्हणजे मागून कोणी काही बोलणार नाही," नाडकर्णी द्रौपदीबाईंना म्हणाले. "तुमच्याकडचाच मुलगा ना तो?"

"बुलढाण्याकडचा म्हणताय?"

"हो... म्हणजे तेच."

द्रौपदीबाईंनी चष्मा काढून पुसला. ज्यांना राग आल्याचं दाखवायचं नसतं त्यांना चष्म्याचा फार उपयोग होतो. तर्कशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्या विषयाला मुलं येईनाशी झाली होती आणि त्या निवृत्त झाल्या की विभागाला कुलूप लागणार, हे ठरलेलं होतं. कॉलेजला त्यांची आठवण यायची ती अशा वेळी.

सम्यकला आत बोलावलं. उंच, किडकिडीत, शर्टाची इस्त्री कडक. नाडकर्णींनी सुरुवातीलाच सांगितलं, गुन्हा सिद्ध झाला तर परीक्षेला बसता येणार नाही. कॉलेजातूनही नाव कमी होईल. पुढे कुठे प्रवेश नाही.

"पेपर तू उघडलास?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"नाही मॅडम."

"मग तुझ्या आयडीवरून कोण होतं?"

सम्यकनं खाली पाहिलं. सबनीसांनी टेबलावरची बाटली उचलली, पाणी प्यायले, परत ठेवली.

"ते मी नाही सांगणार," सम्यक म्हणाला.

नाडकर्णींनी हात झटकले आणि तिथल्या तिथे त्याचा आयडी बंद करायचा आदेश दिला. पण द्रौपदीबाई त्याच्या उत्तरापाशीच थांबल्या होत्या. पोरगा 'माहीत नाही' म्हणाला नव्हता.

२

दुपारी स्टाफरूममध्ये सबनीस त्यांच्या शेजारी येऊन बसले. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. सबनीसांच्या डब्यातली गवारीची भाजी त्यांच्याहून जास्त द्रौपदीबाईंनीच खाल्ली असेल. बाई नवीन असताना काही जण त्यांच्यासोबत डबा उघडायचे नाहीत, तेव्हा सबनीसांनी आपली खुर्ची उचलून त्यांच्या टेबलाशी आणून ठेवली होती. ती खुर्ची मग तिथेच राहिली. हे उपकार नव्हते. पण बाई ते विसरल्याही नव्हत्या.

"वाईट वाटतं गं पोराचं," सबनीस म्हणाले. "मीच लावलं होतं त्याला कमवा-शिकामध्ये. हुशार आहे. पण काय करणार, मोह कुणाला सुटलाय."

"तुला वाटतं त्यानं केलं असेल?"

"मशीन खोटं कशाला बोलेल?" त्यांनी केशरी झाकणाच्या बाटलीतून पाणी प्यायलं. बाटलीवरचा स्टिकर कुणीतरी नखानं खरवडून काढलेला होता. "बरं, तुझं हॉटस्पॉट दे ना जरा. ह्या तळमजल्यावर माझ्या फोनला रेंजच येत नाही."

बाईंनी दिलं. त्यांच्या सिमच्या कंपनीची रेंजची एखादी काडी तिथे यायची. मग डबा धुऊन त्या वर सर्व्हर रूमकडे निघाल्या.

सर्व्हर रूममध्ये सौरभ बसायचा. एजन्सीकडून आलेला, कंत्राटी, कानात सतत इअरफोन. कॉलेजचं 'कॅम्पस सिक्युअर' नावाचं नेटवर्क त्यानंच उभं केलेलं, आणि साऱ्या स्टाफनं त्याला त्याबद्दल मनापासून शिव्या दिलेल्या. आयफोनवाल्यांचं कसंबसं भागायचं. अँड्रॉइडवाल्यांची मात्र वाट लागायची. घरच्या वाय-फायला एक पासवर्ड पुरतो. इथे फोन आधी पद्धत विचारतो, मग प्रमाणपत्र, मग डोमेन, मग 'ओळख', मग 'अनामिक ओळख', आणि एवढं सगळं झाल्यावर पासवर्ड. एक चौकट चुकली की नुसतं गोल गोल फिरत राहतं. ओळख आणि अनामिक ओळख एकाच पानावर मागणाऱ्याला तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बसवलं पाहिजे, असं द्रौपदीबाईंचं मत होतं.

त्यांचा स्वतःचा फोन सम्यकनंच जोडून दिला होता. कॉलेज उघडल्यावर पहिल्या आठवड्यात तो जिन्यात बसून अर्ध्या कॉलेजचे फोन जोडून द्यायचा. सगळ्या चौकटी झरझर भरल्या आणि पासवर्डची चौकट आली तेव्हा त्यानं फोन बाईंच्या हातात दिला होता. स्वतः तोंड फिरवून नोटीस बोर्ड वाचत उभा राहिला होता. असला पोरगा विभागाचा पासवर्ड वापरून पेपर उघडेल, हे बाईंच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"सौरभ, त्या फोनचा काही नंबर वगैरे उतरतो का रे नोंदीत?"

"उतरतो मॅडम, फोनचा वाय-फायचा नंबर, मॅक ॲड्रेस बोलतात तो, पण उपयोग नाय. आजकालचे अँड्रॉइड खरा नंबर देतच नाहीत. वाय-फायला दाखवायला स्वतःच एक खोटा बनवतात. मी प्रिन्सिपल सरांना बोललो ना, त्यावरून हँडसेट पकडता येत नाय."

"रोज नवीन खोटा?"

"नाय, तसं नाय. आपल्या नेटवर्कसाठी एकदा बनवला की तोच राहतो."

"म्हणजे खोटं बोलतो, पण दर वेळी तेच खोटं बोलतो."

"हां."

"मग ते खरंच झालं की रे. सम्यकचा फोन उघडून त्यातला नंबर पाहिलास?"

सौरभनं एक इअरफोन काढला. "कोणी सांगितलंच नाय मॅडम."

"बरं, मला सांग. सोमवारी सकाळी सम्यकच्या आयडीवर किती फोन होते?"

सौरभचा चेहरा पडला. त्यानं हळूच स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली.

३

"मॅडम, माझं कंत्राट जाईल," तो म्हणाला.

एका आयडीवर किती फोन चालतील याची मर्यादा घालायची असते. ती घालायची सौरभकडून राहून गेली होती. सम्यकच्या आयडीवर त्या सकाळी एकाच वेळी फोनांची जत्रा भरली होती, आणि हे समितीला सांगितलं असतं तर पहिला प्रश्न सौरभलाच आला असता. म्हणून त्यानं अहवालात फक्त आयडी लिहिला. त्याच्या नोकरीपुरतं ते बरोबर होतं. एका पोराचं आयुष्य त्यात जात होतं, एवढंच.

"नंबरांची यादी मला दे," द्रौपदीबाई म्हणाल्या. "तुझं नाव मध्ये येणार नाही याची खात्री मी देत नाही. पण लपवलंस तर नक्की येईल."

बुधवारी समितीसमोर हितेश गाला आला. फोटो वर्गाच्या ग्रुपवर पहिल्यांदा त्यानंच टाकला होता. घाटकोपरला बापाचं कापडाचं दुकान, तोंडात अखंड 'यार', आणि भीती अशी नावालाही नाही.

"सर, मला पण आलेला ना. मी फक्त फॉरवर्ड केला. सगळेच करतात यार... सॉरी, मॅडम."

"आला कुठून?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"क्लासकडून. आमचा बोरिवलीचा क्लास आहे. परीक्षेच्या सकाळी ते 'हमखास प्रश्न' पाठवतात. दर वेळी सेम टू सेम येतात थोडे. ह्या वेळी तर पूर्ण पेपरच आला, झकास एकदम."

"घाटकोपरहून बोरिवलीला जातोस?"

"रिझल्ट आहे ना त्यांचा. पप्पा बोलले, लांब असला तरी चालेल."

"आणि क्लासला पेपर कोण देतं?"

"ते मला कसं माहीत असणार?" हितेशनं खांदे उडवले, बॅगेतून बाटली काढली आणि घटाघट पाणी प्यायला. बाटलीला केशरी झाकण होतं. स्टिकर शाबूत होता. त्यावर क्लासचं नाव आणि एक पेटता दिवा.

"छान बाटली आहे," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"क्लासची आहे मॅडम. आतल्याच लोकांना देतात. बाजारात नाय मिळत."

समोर बसलेल्या सबनीसांनी तेव्हा खिडकीकडे पाहिलं. त्यांची बाटली आज टेबलावर नव्हती. बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. बाटली काय, कुणाकडेही असते. एखाद्या पालकानं दिली असेल, एखादा मुलगा विसरला असेल. मैत्रीत माणूस असली कारणं भराभर सुचवतो, आणि त्या दिवशी बाईंना ती पुष्कळ सुचली.

"तायडे त्या क्लासला जातो का?" नाडकर्णींनी विचारलं.

"सम्यक? नाय सर. तो कुठल्याच क्लासला नाय जात."

"विकला असेल त्यांना," नाडकर्णी म्हणाले आणि फाईल मिटली. "शुक्रवारी ठराव करू. उगाच लांबवण्यात अर्थ नाही."

म्हणजे हातात एकच दिवस उरला होता.

४

तो दिवस बाईंनी जिन्यापासून सुरू केला.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पहिल्या वर्षाची काही पोरं रोज फोन घेऊन बसलेली असायची. मंगळवारपासून तो जिना रिकामा होता. बाईंनी विचारत विचारत शोध घेतला. पोरं कॉलेजसमोरच्या उडुपी हॉटेलच्या बाहेर, कट्ट्यावर सापडली. एका इडलीच्या बशीभोवती सगळी जमली होती, कारण इडली घेतली की हॉटेलवाला वाय-फाय वापरू द्यायचा. त्यांत कल्पिता टपके होती. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, आई अंधेरीच्या बाजारात मासे विकते. बाईंना पाहून सगळी उठून उभी राहिली. कल्पितानं फोन मागे लपवला.

"सम्यकनं जोडून दिलेला फोन आहे ना तो?" बाईंनी विचारलं.

मग कल्पिताच पुढे आली.

"मॅडम, आमची स्कॉलरशिप आली नाय अजून. फी जमा होत नाय तोवर कॉलेज आमचे आयडी चालू करत नाय. आणि हजेरी फोनवर, असाइनमेंट फोनवर, सगळं फोनवर. मग आम्ही काय करायचं? दादानं त्याचा आयडी टाकून दिला. बोलला, तुमचे चालू झाले की बदलून देतो."

"आणि हे कुणाला सांगायचं नाही, असंही बोलला?"

"तो नाय बोलला. आम्हीच ठरवलं." तिचे डोळे भरून आले. "आयडी दुसऱ्याला दिला तर काढून टाकतात, असं सहीच करून घेतात ना ॲडमिशनला. आमच्यामुळे अडकला तो. मंगळवारी दुपारी त्याचा बंद केला आणि आमच्या सगळ्यांचं एकदम गेलं. तेव्हाच कळलं आम्हाला."

बाईंनी त्यांना तिथेच बसवलं आणि प्रत्येकाचा फोन उघडून नंबर यादीशी ताडून पाहिला. संध्याकाळी सम्यकला घरून फोन आणायला लावून त्याचाही पाहिला. सगळे नंबर यादीत सापडले. पण पेपर ज्या फोनवरून उघडला होता त्याचा नंबर त्यांपैकी एकाही फोनचा नव्हता.

बाईंचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. नाडकर्णी काय म्हणतील ते त्यांना इथूनच ऐकू येत होतं. पोरानं दुसरा फोन लपवला असेल. तो नाहीच, हे कसं सिद्ध करायचं? सम्यकच्या आयडीवर आणखी एक फोन होता, आणि तो कुणाचा हे सम्यक सांगत नव्हता.

"कल्पिताला वाचवत होतास, ते कळलं," बाई त्याला म्हणाल्या. "पण ती सुटली आता. सगळी पोरं सुटली. मग अजून कुणासाठी गप्प आहेस?"

सम्यकनं फोन खिशात घातला आणि "येतो मॅडम" म्हणून निघून गेला.

बाई स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. खोली रिकामी होती. मंगळवारी दुपारी आमचं सगळ्यांचं एकदम गेलं, असं कल्पिता म्हणाली होती. म्हणजे ज्यांचं वाय-फाय मंगळवारी दुपारी गेलं, ते सम्यकच्या आयडीवर. बाईंनी ते वाक्य मनात दोनदा उलटसुलट केलं. कॉलेजातल्या बाकी कुणाचंच वाय-फाय गेलं नव्हतं. त्यांचं स्वतःचंही नाही. फक्त...

हात आपोआप पर्सकडे गेला. त्यांनी स्वतःच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनांची यादी उघडली. मंगळवारपासून रोज दुपारी त्यावर येणारं एकच नाव तिथे होतं.

५

शुक्रवारी सकाळी सबनीस नेहमीच्या खुर्चीत बसले होते. डबा बांधलेलाच होता.

"वाय-फाय नीट झालं का रे तुझं?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"नाही गं. कधीचं बंद आहे."

"कधीपासून?"

"असेल... महिना."

"मग मागच्या आठवड्यात इथेच बसून नातवाचा व्हिडिओ दाखवलास मला, तो कशावर?" बाईंनी हात पुढे केला. "दे फोन, मी जोडून देते."

सबनीसांनी फोन छातीशी धरला. बाईंनी हात मागे घेतला नाही. बाहेर घंटा झाली, मुलांचा लोंढा गेला, पुन्हा शांत झालं.

"दिला नाहीस तरी मला उत्तर मिळालं, अनिरुद्ध."

मग त्यांनी तो टेबलावर ठेवला. बाईंनी 'कॅम्पस सिक्युअर'ची सेव्ह झालेली माहिती उघडली. पासवर्डच्या जागी ठिपके होते, ते असतातच. पण त्याच्या वरच्या 'ओळख' या चौकटीत सम्यक तायडेचा आयडी स्वच्छ दिसत होता. खाली नंबर होता. पर्समधली यादी काढायची गरज नव्हती, तो बाईंना पाठ झाला होता. तरी त्यांनी काढली आणि शेजारी ठेवली.

सबनीसांनी ते दोन आकडे बोटानं ताडून पाहिले.

"माझा पासवर्ड विसरलो होतो," ते म्हणाले. "त्या सौरभकडे कोण जाणार, तो हसतो. सम्यक म्हणाला, सर, नवीन पासवर्ड मागून घ्या. मी म्हटलं, तुझाच टाक रे, काय फरक पडतो. नको म्हणत होता. पण टाकला. नाही कसा म्हणेल?"

"आणि क्लास?"

"निवृत्तीनंतर तिथेच जायचं ठरलंय. संचालक म्हणून. काहीतरी दाखवा म्हणाले." त्यांनी कपाळ चोळलं. "ऑफिसच्या कंप्युटरवर नावानं शिरावं लागतं. वाटलं, विभागाचा पासवर्ड वापरून फोनवरून गेलं की नाव लागत नाही. खरंच सांगतो, मला कल्पना नव्हती कुणाचं नाव लागेल."

"मंगळवारी समितीत तर आली ना कल्पना?"

"आली."

"आणि तू त्याला मोह झाला म्हणालास. माझ्या शेजारी बसून, माझंच हॉटस्पॉट वापरत."

"मी त्याचं नाव घेतलं नाही, द्रौपदी. मशीननं घेतलं."

बाईंना त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याहून वाईट म्हणजे, या माणसाचं म्हातारपण कसं जाईल असाही विचार मनात आला, आणि त्याचीच त्यांना जास्त चीड आली.

"फोनमधून काढून का नाही टाकलंस मग?" त्यांनी विचारलं. "एवढा पुरावा खिशात घेऊन फिरलास."

सबनीस हसल्यासारखं काहीतरी करून गेले. "मला ते पुसता येत नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्याला दिसणार. हे सगळं मला तोच करून द्यायचा."

६

समिती दुपारी बसली. द्रौपदीबाईंनी सगळं मांडलं. फोन, नंबर, ओळखीची चौकट, मंगळवारचं हॉटस्पॉट, बाटली. सबनीसांनी काहीच नाकारलं नाही. नाडकर्णी ऐकता ऐकता पांढरे पडले. मग त्यांचा रंग हळूहळू परत आला, आणि तो परत येताना पाहूनच बाई समजून गेल्या.

ठराव असा झाला. प्रा. सबनीस यांची प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती मान्य. पेपर पुन्हा घेण्यात येईल. सम्यक तायडेवरील आरोप पुराव्याअभावी मागे. मात्र स्वतःचा आयडी इतरांना वापरू दिल्याबद्दल त्याला सक्त ताकीद, त्याचा आयडी वर्षभरासाठी बंद, आणि कमवा आणि शिका योजनेतून नाव कमी. सौरभचं कंत्राट पुढे चालू, कारण नेटवर्क दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

"पुराव्याअभावी?" बाई म्हणाल्या. "पुरावा तुमच्या टेबलावर आहे. तो निर्दोष आहे असं लिहा."

"मॅडम, परीक्षेला बसतोय ना तो? मग झालं तर. कॉलेजच्या नावाचाही विचार करायला हवा."

बाईंनी विरोध नोंदवला. विरोधाची नोंद घेण्यात आली.

सबनीसांच्या निरोप समारंभाला शाल-श्रीफळ होतं, नाडकर्णींनी भाषणात 'विद्यार्थ्यांना जीव लावणारा माणूस' म्हटलं म्हणे. द्रौपदीबाई गेल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी डबा तर्कशास्त्राच्या रिकाम्या वर्गात खाल्ला, आणि गवारीच्या भाजीची आठवण आली म्हणून स्वतःलाच चार शिव्या दिल्या.

फेरपरीक्षेच्या दिवशी सम्यक पेपर देऊन बाहेर पडताना त्यांना जिन्यात भेटला.

"कसा गेला?"

"चांगला गेला मॅडम."

"सबनीसांचं तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"पोरांपैकी कुणी असेल असं आधी वाटलेलं. मग समितीत सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही एकदाही. तेव्हा कळलं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

त्यानं बाईंकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "तिथे बसून, सरांचा फोन बघा, असं मी बोललो असतो मॅडम, तर कोणी बघितला असता?"

द्रौपदीबाईंनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं की प्रश्नाला उत्तर द्यायचं, टाळायचं नाही. त्यांच्याकडे याचं उत्तर होतं, आणि ते त्यांनी दिलं नाही.

त्याऐवजी त्या काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "सौरभनं सगळ्यांचे पासवर्ड बदललेत बघ. माझा फोन पुन्हा गोल गोल फिरतोय. त्या चौकटी तेवढ्या भरून देतोस?"

आणि त्यांनी फोन पुढे केला.

सम्यकचा हात सवयीनं निम्मा वर आला. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथेच धरून ठेवले.

"सौरभ सरांकडून करून घ्या मॅडम," तो म्हणाला. "मी आता कोणाच्या फोनला हात लावत नाही."

त्यानं वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. खाली गेटबाहेर, उडुपी हॉटेलच्या कट्ट्यावर पहिल्या वर्षाची पोरं अजून बसलेली होती. त्यांची स्कॉलरशिप आलेली नव्हती.